सहयोगी डिजिटल अध्ययन : विद्यार्थ्यांची सुरक्षितता व गोपनीयता (बेळगाव सीमाभाग)

सामायिक दस्तऐवज, आभासी वर्ग किंवा संदेशगट यांवर विद्यार्थी एकत्र शिकत असताना त्यांची ओळख, लेखन, आवाज, छायाचित्रे व वावराच्या नोंदी यांचे गैरवापरापासून केलेले रक्षण. प्रस्तुत नोंद बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी या भागांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात आहे.

सहयोगी डिजिटल अध्ययनाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. मार्लीन स्कार्डामालिया व कार्ल बेराइटर यांनी १९८० च्या दशकात टोराँटो येथे विकसित केलेली ‘सीसाईल’ ही विद्यार्थ्यांनी एकत्र नोंदी लिहिण्याची संगणक प्रणाली बहुतेक अभ्यासक आद्य मानतात. संगणक-साहाय्यित सहयोगी अध्ययन ही संज्ञा रूढ होण्याचे श्रेय सहसा माराटेआ (इटली) येथील १९८९ च्या कार्यशाळेला दिले जाते. तथापि इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक प्रणालीवर १९७३ मध्येच ‘नोट्स’ ही चर्चासुविधा सुरू झाली होती. तिच्या आधी प्रणालीतील दोष नोंदवण्यासाठी एक खुली फाइल असे. तीत कोणीही दुसऱ्याचा मजकूर बदलू वा पुसू शके आणि लेखक कोण याची खात्री नसे. डेव्हिड वूली यांनी प्रत्येक नोंदीला वापरकर्त्याची ओळख व दिनांक आपोआप जोडून हा प्रश्न सोडवला. अध्यापनशास्त्राच्या इतिहासात सीसाईलचे स्थान निर्विवाद असले, तरी सुरक्षिततेचा इतिहास प्लेटोपासून मांडणे अधिक सयुक्तिक ठरते. मजकुराला संरक्षण मिळाले, पण त्याच उपायाने लिहिणाऱ्याचा मागही कायमचा राहू लागला. आजच्या गूगल डॉक्समध्ये खोडलेले वाक्य आवृत्ती-इतिहासात नावासह सापडते, ते याच परंपरेत.

गोपनीयता म्हणजे स्वतःच्या माहितीवरील नियंत्रण, असे ॲलन वेस्टिन (१९६७) यांचे प्रतिपादन होते. हेलन निसेनबॉम यांच्या मते माहिती ज्या संदर्भात दिली गेली, त्या संदर्भाचे संकेत पाळले जाणे महत्त्वाचे. सीमाभागातील घरांना दुसरे मत अधिक लागू पडते. कारण फोन वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा असेल, तर मुलाचे स्वतःचे नियंत्रण मुळात नसतेच. अशा घरातील मुलगी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात आली की घरचा क्रमांक सर्व सदस्यांना दिसतो. गृहपाठासाठी दिलेला क्रमांक उद्या दुसऱ्याच कामासाठी वापरला गेला, तर संकेत मोडला, मग संमती कोणाचीही असो. कोविडकाळात शाळा बंद असताना राबवलेल्या कर्नाटकाच्या ‘विद्यागम’ उपक्रमात (२०२०) विद्यार्थ्यांचे गट घरातील साधनांनुसार पाडले होते. साधनांची ही विषमता तेव्हा शासनानेही गृहीत धरली होती.

न्या. पुट्टस्वामी (कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश) यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. मुलांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती यांस मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी मात्र शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कार्य व मुलांची सुरक्षितता यांसाठी माग ठेवण्याची मुभा दिली. ही सूट बरीच सैल म्हणावी लागेल. अधिनियमाच्या मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी या नियमांपासून १८ महिन्यांची मुदत आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय देणे अधिनियमाने बंधनकारक केले असून त्या अनुसूचीत मराठी व कन्नड दोन्ही आहेत. त्यामुळे ही तरतूद लागू झाल्यावर खानापूरच्या पालकाला मराठीत सूचना मागता येते. राज्याची राजभाषा कोणती, यावर ते अवलंबून नाही.

राज्याची सीमा ओलांडून महाराष्ट्रातील चंदगडची मुले बेळगावात, तर कर्नाटकातील निपाणीची कागल-कोल्हापुरात शिकतात. त्यामुळे गुन्हा कोणत्या हद्दीतला हा प्रश्न उद्भवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. १९३० हा सायबर मदतक्रमांक प्रामुख्याने आर्थिक फसवणुकीसाठी असून मुलांच्या छळाबाबत १०९८ हा बालमदतक्रमांक अधिक उपयोगी पडतो.