ओपनस्ट्रीटमॅप की ओपनरेल्वेमॅप: दुरुस्ती नेमकी कुठे करायची?

ओपनरेल्वेमॅप या रेल्वेच्या ऑनलाइन नकाशावर एखाद्या मार्गाचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) चुकलेलं दिसलं, की नवखा माणूस हमखास विचारतो, 'हा नकाशा दुरुस्त कसा करायचा?' तो दुरुस्त करायचा नसतोच. त्याच्याकडे रुळांची स्वतःची नोंदवही नाही. नोंदवही आहे ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची, 2004 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली आणि आज जगभरचे स्वयंसेवक भरतात ती. ओपनरेल्वेमॅप त्यातली रेल्वेची पानं उचलतो आणि रंगवून दाखवतो.

गोंधळ होतो तो ओपनस्ट्रीटमॅपच्या नेहमीच्या नकाशामुळे. त्यात रेल्वे म्हणजे जेमतेम एक बारीक रेघ, त्यामुळे तपशील दुसरीकडे कुठेतरी साठवलेला असणार असं वाटतं. पण त्या रेघेचे टॅग, म्हणजे तिला जोडलेल्या नोंदी, उघडून बघा: गेज 1435, व्होल्टेज 15000, फ्रिक्वेन्सी 16.7, कमाल वेग 160. कुणी भरलेलं असेल तर सगळं तिथेच सापडतं. तो नकाशा ते रंगवत नाही, एवढंच. ओपनरेल्वेमॅप मात्र तोच रूळ कधी वेगमर्यादेनुसार, कधी विद्युतीकरणानुसार, कधी गेजनुसार रंगवतो.

म्हणून चूक दिसली की आधी टॅग बघावा. टॅगच नसेल किंवा चुकला असेल, तर काम ओपनस्ट्रीटमॅपमध्ये. एखादा टॅग बदलायला ब्राउझरमधला आयडी एडिटर पुरतो. यार्डातले सांधे आणि सायडिंग एकेक रूळ वेगळा धरून काढायचे तर जेओएसएम हा संगणकावर चालणारा एडिटर घ्यावा, नाहीतर डोळे जातात. माहिती स्वतः पाहिलेली किंवा खुल्या परवान्याची हवी. गूगलच्या नकाशावरून उतरवलेलं चालत नाही. आणि बदल रेल्वेच्या नकाशावर लगेच उमटला नाही म्हणून पुन्हा भरू नये, नकाशा ताजा व्हायला वेळ लागतो.

टॅग बरोबर असूनही नकाशावर काहीच दिसत नसेल, तर प्रश्न रंगवण्याच्या नियमांचा. सिग्नलच्या बाबतीत हे फार होतं, कारण प्रत्येक देशाची सिग्नलपद्धत वेगळी आणि चिन्हं ज्यांचे नियम लिहिले गेलेत त्यांचीच उमटतात. इथे ओपनरेल्वेमॅपच्या खुल्या कोडमध्ये नवा नियम सुचवायचा. आपला सिग्नल जर्मन म्हणून नोंदवला तर चिन्ह झटकन उमटेलही, पण तीच नोंद वाचणाऱ्या बाकीच्या प्रत्येक प्रोग्रॅमला तिथे जर्मन सिग्नल दिसेल.