वजनं हरवली, शेतकरी उरला

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन देऊळ, दाखवायला पाहुण्यांना नेलं की सगळ्यांच्या माना आधी वर जातात. छतातलं दगडी कमळ आहेच तसं देखणं. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं 1204 साली ही बस्ती उभारली. मला मात्र त्या कमळापेक्षा त्या वेळचा कन्नड शिलालेख जास्त बोलका वाटतो, कारण देवळाचा खर्च कुठून भागणार ते त्यात लिहिलंय. राजानं जमीन दिली, त्यात नवल नाही. पण पेठेतल्या व्यापाऱ्यांनीही आपापल्या मालावर थोडी थोडी पट्टी लावून घेतली. त्यांत लाट म्हणजे दक्षिण गुजरातकडचे होते, मलयाळी मुलखातलेही होते. पुढच्या तीन-चार दशकांत रट्टांचं राज्य देवगिरीच्या यादवांनी गिळलं. बस्ती अजून उभी आहे.

एखादी प्राचीन संस्कृती सुसंघटित आणि दीर्घायुषी कशी झाली, असं आपण एका दमात विचारून टाकतो. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं बऱ्याचदा एकमेकांशी भांडतात.

संघटना बघायची तर हडप्पा संस्कृतीकडे जावं. मोहेंजोदडो, हडप्पा, लोथल, धोलावीरा, कुठंही उकरा, चर्ट नावाच्या कठीण दगडाची गुळगुळीत चौकोनी वजनं सापडतात. सगळ्यात जास्त मिळणारं वजन साधारण 13.6 ग्रॅमचं, म्हणजे आपल्या जुन्या तोळ्याहून थोडं जड. त्याच्या खाली निम्मी, पाव, अर्धपाव अशी उतरंड आणि वर दुप्पट, चौपट. दर पायरीला दुपटीचं हे गणित फार हुशारीचं आहे. 1, 2, 4, 8, 16 आणि 32 अशी सहाच वजनं पेटीत ठेवा. 1 पासून 63 पर्यंतचं कुठलंही पूर्ण माप त्यांत बसतं. 45 हवेत? 32, 8, 4 आणि 1 पारड्यात टाका. आमच्या बेळगावच्या रविवार पेठेतल्या दुकानदाराला वजनांवर ठरावीक मुदतीनं सरकारी शिक्का मारून घ्यावा लागायचा. हडप्पाच्या वजनांवर आकडा नाही की खूण नाही, तरी शेकडो किलोमीटर आणि काही शतकं ती एकमेकांशी जुळत राहिली.

विटांचंही तसंच. जाडी, रुंदी, लांबी यांचं प्रमाण 1:2:4. घरांच्या विटा साधारण 7, 14 आणि 28 सेंटिमीटरच्या. दोन रुंद्या मिळून एक लांबी होते, त्यामुळे एक थर आडवा, एक उभा घालत गेलं की सांध्यावर सांधा येत नाही. गवंडी याला सांधमोड म्हणतात. वीट तोडायची गरज कमी, आणि एका गावचा कारागीर दुसऱ्या गावात जाऊन पहिल्या दिवसापासून कामाला लागू शकतो. एवढी शिस्त लावणारा राजा कोण, याचा मात्र पत्ता नाही. राजवाडा म्हणून खात्रीनं बोट दाखवावं अशी इमारतच सापडलेली नाही.

आणि मग इ.स.पू. 1900 च्या सुमारास ती घडी विस्कटू लागते. मोहरा, लिपी, ठरीव वजनं, सगळं पुढच्या काळात नाहीसं होतं. त्याआधी दोनतीनशे वर्षं पाऊसमान बिघडल्याच्या खुणा आहेत. मेघालयातल्या मावम्लुह गुहेत थेंबाथेंबानं वाढलेले चुन्याचे स्तंभ आहेत. मोसमी पाऊस जोरात असेल तर त्या थरांत हलका ऑक्सिजन (म्हणजे कमी वजनाचे अणू) जास्त सापडतो, पाऊस ओसरला की जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. अशा नोंदींवरून सुमारे 4200 वर्षांपूर्वीचा कोरडा टप्पा इतका ठळक दिसला, की 2018 मध्ये भूवैज्ञानिकांनी तिथपासून पुढच्या कालखंडाला 'मेघालयन' असं नावच दिलं. सगळा दोष पावसाच्या माथी मारायला मी तयार नाही. नद्यांनी पात्रं बदलली, दूरचा व्यापारही आटला.

पण माणसं संपली नाहीत. ती गुजरातेत आणि पूर्वेला हरियाणाच्या बाजूला पांगली, लहान गावं करून राहिली. रब्बीच्या गहू-जवावर भिस्त ठेवणं परवडेना, तेव्हा राळ्या-वरीसारखी खरिपाची भरड धान्यं वाढली. म्हणजे जे काटेकोर होतं ते मोडलं आणि जे सैल होतं ते तगलं. इजिप्तमध्येही मध्यवर्ती राजसत्ता वारंवार कोसळली, पण नाईलचं पुराचं पाणी शेतांत अडवायची कामं गावोगावच्या हातांत होती. ती राजधानीच्या हुकमासाठी थांबली नाहीत.

आपल्या जवळचा दाखला पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचा. घोड नदीकाठच्या या वस्तीचं उत्खनन डेक्कन कॉलेजनं 1968 पासून बरीच वर्षं केलं. इ.स.पू. 1400 ते 1000 या काळात तिथं मोठी चौकोनी घरं होती, गावच्या प्रमुखाच्या घराशेजारी धान्याचं कोठार होतं, पुराचं पाणी वळवायला चर आणि बांध होता. नंतरच्या थरांत चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती आक्रसते, जनावरं आणि शिकार यांवर भार वाढतो. पाऊस कमी झाला हे त्याचं नेहमीचं उत्तर, त्यावर तज्ज्ञांत वाद आहेत. गरिबीत का होईना, तरीही माणसांनी तिथं आणखी तीनेक शतकं काढली.

बेळगाव जिल्ह्याची ठेवण या बाबतीत नशीबवान म्हणायची. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीला धो धो पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला. खानापुरात भात, पूर्वेच्या काळ्या रानात शाळू. एकाच वर्षी दोन्ही पिकं हातची जाणं अवघड. शहराच्या कडेला वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहन काळातलं नगर निघालं, विटांची बांधकामं आणि नाणी निघाली. या पट्ट्यात इतक्या जुन्या काळी पेठ का वसली, हे शोधताना राजांच्या वंशावळीआधी पावसाचा नकाशा उघडावा असं मला वाटतं. ओल्या आणि कोरड्या मुलखाच्या शिवेवर धान्याची अदलाबदल सगळ्यात जास्त होते, आणि ती होते तिथं मापं लागतात, पट्ट्या लागतात, हिशेब ठेवणारी माणसं लागतात.