तळघरात पाणी शिरणे

इमारतीचा जो भाग भोवतालच्या जमिनीखाली असतो, त्यात पावसाळ्यात पाणी येऊन साचणे. बोलताना लोक 'बेसमेंट भरलं' एवढंच म्हणतात. महाराष्ट्रात हा मुख्यतः शहरी गृहसंस्थांच्या भूमिगत पार्किंगचा प्रश्न आहे. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तोच प्रश्न स्वतःच्या घराच्या तळघरात भेटतो. पाणी येण्याच्या वाटा मात्र दोन्हीकडे त्याच : उतारावरून वाहत येणारे, भिंतीतून पाझरणारे, फरशीखालून दाबाने वर येणारे आणि गटारातून उलटे फिरणारे. यांतली आपली वाट कोणती हे न ओळखता केलेला खर्च बहुधा वाया जातो. पाणी फाटकातून येत असताना भिंतींच्या वॉटरप्रूफिंगवर लाखो रुपये घालणाऱ्या सोसायट्या काही कमी नाहीत.

थंड देशांत घराचा पाया हिवाळ्यात गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. तेवढे खणले की तळघर जवळजवळ आयतेच मिळते, म्हणून उत्तर अमेरिकेच्या थंड भागात ते घरोघरी दिसते. आपल्याकडे ती गरज नव्हती. वाड्यांतली तळघरे छोटी असत आणि जमिनीखाली साठवण करायची तर पेव खणत. सांगलीजवळच्या हरिपुरात, कृष्णा-वारणा संगमापाशी, हळदीची पेवे पिढ्यान् पिढ्या वापरात होती. तोंड अरुंद, पोट मोठे, आणि पाणी सहसा आत येऊ न देणारी माती. २००५च्या महापुराने तिथलीही बरीच पेवे निकामी केली. आजची तळघरे मोटारींमुळे आली. जागा महाग आणि पार्किंगसाठीचे तळघर साधारणपणे चटईक्षेत्रात मोजले जात नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईत एकाखाली एक दोन-तीन मजले खणणे ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे.

खणताना काय होते ते पाहिले की निम्मे कोडे सुटते. दख्खनच्या पठारावर वर काळी माती किंवा भराव, खाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा कातळ असा क्रम बहुतेक ठिकाणी सापडतो. अखंड कातळातून पाणी फारसे जात नाही. ते फटींतून आणि मुरुमाच्या थरातून चालते. तळघरासाठी कातळ फोडला की तयार होते एक भले मोठे दगडी भांडे. त्यात काँक्रीटची पेटी उभी करतात आणि पेटी व कातळ यांच्यामधली दोन-चार फुटांची फट बांधकामावरच्याच राडारोड्याने बुजवतात : विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, लाकडाच्या ढलप्या. ही भरणी सैल राहते. गच्चीचे, अंगणाचे आणि मुरुमातले पाणी तिथे उतरते आणि कातळ त्याला बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे भूजलाची पातळी खोल असलेल्या टेकडीवरही इमारत स्वतःपुरती एक विहीर करून घेते आणि तिच्यातच उभी राहते.

साचलेल्या पाण्याचा दाब साध्या हिशेबाने कळतो. पाण्याची उंची जेवढे मीटर, तेवढे टन वजन दर चौरस मीटरवर. भिंतीमागे ३ मी. पाणी चढले तर भिंतीच्या पायथ्याशी आणि तळाच्या स्लॅबला खालून दर चौरस मीटरला ३ टनांचा रेटा बसतो. एवढ्या दाबाला सुईएवढी वाटही पुरते आणि वाटा ठरलेल्या असतात. तळाचा स्लॅब आणि भिंत यांचा सांधा वेगवेगळ्या दिवशी ओतलेला असतो. तिथे पीव्हीसीची वॉटर-स्टॉप पट्टी घातलेली नसली किंवा ओतताना ती वाकली असली, तर खाली कोपऱ्याने ओल धरते. काँक्रीट नीट न दाबल्याने राहिलेल्या पोकळ्या ही दुसरी जागा. विजेच्या केबली आणि नळ आत घेण्यासाठी भिंतीत पाडलेली भोके ही तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. केबलच्या नळीतून बारीक धार सुरू असते आणि खाली कोणीतरी रंगाचा डबा लावून ठेवलेला असतो, हे दृश्य कित्येक पार्किंगमध्ये दिसेल. वर बाग किंवा पोडियम, म्हणजे इमारतींमधला फरशीचा मोकळा चौथरा, असेल तर छताच्या सांध्यांतूनही गळते, पण ती तळघरापेक्षा गच्चीच्या गळतीची भावंड आहे.

पाझरण्याने त्रास होतो : पोपडे निघतात, लोणा चढतो, गाड्यांवर चुनखडीचे पांढरे डाग पडतात. पण तळघर 'भरते' ते बहुधा पाझराने नव्हे. ते भरते रॅम्पवरून, आणि इथे आकडे बोलके आहेत. ६ मी. रुंद व २५ मी. लांब उघड्या रॅम्पवर ताशी १०० मिमी. असा धोधो पाऊस पडला, तरी रॅम्पच्या स्वतःच्या अंगावरचे पाणी मिनिटाला २५० लिटर होते. रॅम्पच्या पायथ्याशी आडवी जाळी आणि पाणी गोळा करणाऱ्या खड्ड्यात चालता पंप असला की एवढे सहज निभते. आता रस्ता तुंबला आणि रॅम्पच्या तोंडावरून फक्त १० सेंमी. उंचीचे पाणी आत ओसंडू लागले असे धरा. तेवढ्याने सेकंदाला ३०० लिटरच्या आसपास पाणी आत येते. १,००० चौ.मी.चे तळघर त्यामुळे अर्ध्या तासात गुडघ्याएवढे भरते. सोसायट्यांमध्ये असतो तसा तीन-पाच अश्वशक्तीचा पंप मिनिटाला फार तर हजार-दीड हजार लिटर उपसेल. रस्त्याचे पाणी एकदा आत येऊ लागले की पंपाने ते आवरत नाही. ते फाटकातच अडवावे लागते.

रस्त्याचे पाणी फाटकापर्यंत का येते याची कारणे सोसायटीच्या हद्दीबाहेरची आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद केली. तेव्हाची पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी २५ मिमी. पावसाची होती, तीही ओहोटी असताना. त्यानंतर ५० मिमी. हे उद्दिष्ट धरून नाले रुंद करण्याचे व पंपिंग स्टेशने बांधण्याचे काम झाले. हाजी अली, ईर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर ही त्यांतली काही. तरी मोठ्या भरतीत जोराचा पाऊस आला की सखल भागांत पाणी साचतेच. पुण्याला भरती नाही, पण ओढे आहेत, आणि ते बुजवून, वळवून, भिंतींत कोंडून त्यांच्यावर वस्ती झाली आहे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या लोंढ्याने काठच्या सोसायट्यांच्या भिंती पाडल्या आणि पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढवल्या. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी वस्त्यांत शिरले.

दुसरे कारण हळूहळू घडणारे, म्हणून लक्षात न येणारे. जुना थर न खरवडता रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, पुढे कधी त्यावरच काँक्रीट होते. इमारत तिथेच राहते आणि रस्ता वर येतो. वीस वर्षांपूर्वी रस्त्यापेक्षा वीतभर उंच असलेले फाटक आज रस्त्याच्या पातळीत किंवा त्याखाली असते. 'पूर्वी कधी पाणी येत नव्हतं हो' असे जुने रहिवासी म्हणतात त्यात बरेच तथ्य असते.

वाट ओळखण्याची सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे पाणी केव्हा आले याची नोंद. वॉचमनच्या वहीत पावसाची आणि पाण्याची वेळ लिहिली तरी पुरे. सर आली आणि दहा-पंधरा मिनिटांत पाणी दिसले तर ते वरून, रॅम्पने किंवा हवेसाठी ठेवलेल्या झडपांच्या खिडक्यांतून आले. पाऊस थांबून दिवस-दोन दिवस झाले आणि कोपरे ओले होऊ लागले तर ते भिंतीमागचे. फरशीवरच्या जाळीतून किंवा चेंबरमधून बुडबुडत, घाण वासाचे पाणी वर आले तर गटार उलटले आहे. आणि मे महिन्यातही तीच जागा ओली असेल तर पावसाला दोष देऊ नये. टाकीची किंवा नळाची गळती शोधावी.

उपायही त्याच क्रमाने येतात. रॅम्प सुरू होण्यापूर्वी फाटकात रस्त्यापेक्षा १५ ते ३० सेंमी. उंच उंचवटा बांधणे हा सगळ्यांत परिणामकारक आणि तुलनेने स्वस्त इलाज. गाडीचे पोट घासू नये म्हणून त्याचे दोन्ही उतार लांबट ठेवतात. उंचवट्याला मर्यादा असल्याने त्यावर फळ्या बसवण्याची सोय करतात : दोन्ही खांबांत लोखंडी खाचा आणि त्यांत एकावर एक सरकणाऱ्या, रबरी पट्टीच्या ॲल्युमिनियमच्या फळ्या. कालव्याच्या दारांना लावतात तोच प्रकार. फळ्या बाराही महिने गेटजवळ हव्यात; क्लब हाऊसच्या माळ्यावर कुलपात असलेल्या फळ्या रात्री दोन वाजता सापडत नाहीत. रॅम्पला छप्पर घातले तर वरचा पाऊस वाचतो. वरची आणि खालची अशा दोन जाळ्या हव्यात, आणि जूनच्या आधी त्या उचलून खालची चर साफ करायला हवी. गुलमोहराची बारीक पाने आणि गुटख्याच्या पुड्या मिळून जाळीवर जो गालिचा होतो, त्यावरून पाणी निर्धास्त वाहत खाली जाते.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत तळघराचे छत भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ०.९ मी. वर असावे, पृष्ठभागावरचे पाणी आत येणार नाही अशी व्यवस्था असावी आणि भिंती व तळ जलरोधक असावेत अशा तरतुदी आहेत. भिंतींबाबत मूळ तत्त्व एकच : पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूने अडवणे. बांधतानाच बाहेरून जलरोधक थराचा पडदा लावला, किंवा बाहेरून शहाबादी फरश्या बसवण्याची जुनी 'बॉक्स' पद्धत वापरली, तर दाब त्या थराला भिंतीवर घट्ट दाबतो. आतून मारलेला लेप मात्र तोच दाब ढकलून सोलून काढतो. इमारत उभी राहिल्यावर बाहेरून खणणे क्वचितच जमते, म्हणून मग भेगांत भोके पाडून दाबाने ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) किंवा पॉलियुरेथेन हे रसायन भरतात. याने एक फट बंद होते आणि पाणी शेजारची शोधते. दोन-तीन पावसाळे पाठपुरावा करायची तयारी हवी. त्याहून बरे म्हणजे भिंतीमागे पाणी साचूच न देणे : गच्चीचे पाइप भरणीत न सोडता दूर नेणे, इमारतीलगतची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करणे, भिंतीलगत जाळीदार पाइप पुरून ते पाणी खड्ड्यात आणून उपसणे. पावसाचे पाणी मुरवण्याचा खड्डा तळघराच्या भिंतीला खेटून खणू नये, हे सांगावे लागते, कारण तसे केलेले आढळते.

गटार उलटण्यावर एकमार्गी झडप, म्हणजे प्लंबरच्या भाषेत एनआरव्ही, हा अर्धा उपाय आहे. तिच्यात कचरा अडकला की ती उघडीच राहते. तळघरातले कोणतेही सांडपाणी थेट उताराने रस्त्यावरच्या गटारात सोडू नये. ते खड्ड्यात गोळा करावे, पंपाने आधी रस्त्याच्या पातळीच्या वर चढवावे आणि तिथून गटारात टाकावे.

पंपाबद्दल थोडे. खड्ड्यात दोन हवेत, एक चालता आणि एक राखीव. पाणी चढले की पंप चालू करणारा तरंगता स्विच खड्ड्याच्या भिंतीला किंवा वायरला अडकून बसतो, म्हणून मे महिन्यात बादलीभर पाणी ओतून तो चालतो का ते पाहतात. खरी फजिती विजेची होते. जोराच्या पावसातच वीज जाते, जनरेटरवर लिफ्ट असते पण पंप नसतो, आणि पंपाचे पॅनेल तळघराच्याच भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला लावलेले असते. अमेरिकेतल्या घरांत खड्ड्यातल्या या पंपाला (तिथे 'संप पंप') बॅटरीची जोड देतात ती याचसाठी. तिथल्या साध्या गृहविम्यात बाहेरून आलेला पूर धरलेला नसतो आणि गटार उलटण्यासाठीही वेगळी पुरवणी घ्यावी लागते.

जीवितहानीचे प्रसंग पाणी झपाट्याने चढते तेव्हाचे आहेत. १ सप्टेंबर २०२१ रोजी इडा वादळाच्या अवशेषांनी न्यूयॉर्कवर पाऊस ओतला. शहरात मेलेल्या १३ जणांपैकी ११ जण तळघरांतल्या घरांत बुडाले. ६ सप्टेंबर २०२२ रोजी दक्षिण कोरियातील पोहांग इथे गाड्या बाहेर काढायला भूमिगत पार्किंगमध्ये उतरलेले सात रहिवासी बुडून मेले. दिल्लीत २७ जुलै २०२४ रोजी साठवणुकीची परवानगी असलेल्या तळघरात चालणाऱ्या वाचनालयात पाणी घुसून तीन विद्यार्थी मृत्यू पावले. बाहेर उघडणाऱ्या ९० सेंमी. रुंद दारामागे अर्धा मीटर पाणी चढले तर दारावर सुमारे ११० किलोचा भार येतो. दार अडते ते याने. त्यामुळे पाणी रॅम्पवर दिसले की गाडीसाठी खाली न जाणे, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करणे आणि तळघराचा वीजपुरवठा वरूनच तोडणे, एवढे वॉचमनला ठाऊक हवे.

पाणी ओसरल्यावर उपसण्याची घाई करू नये. भोवतालची माती भिजलेली असताना आत एकदम रिकामे केले तर बाहेरचा दाब भिंत आत ढकलतो किंवा तळ फुगवतो. म्हणून काठोकाठ भरलेल्या तळघरातून दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढतात. बुडालेली गाडी चालू होते का म्हणून किल्ली फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनाचे हे नुकसान जादा संरक्षण घेतले नसेल तर विमा कंपन्या बहुधा नाकारतात. गाळ ओला असतानाच काढतात, वाळला की तो खरवडावा लागतो. धुण्यापूर्वी फाटकाच्या खांबावर पाण्याची रेघ कुठवर आहे ते रंगाने, तारखेसह मारून ठेवतात. फळ्या किती उंच करून घ्यायच्या ते लोहाराला त्या रेघेवरून सांगता येते.