फ्री गेम: मोफत की मुक्त?

नाशिकहून गंगापूर धरणाकडे निघालं की गोवर्धनजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागतं. १९८९ साली ते सुरू झालं. माझ्या ताईने दोन मुलं सांभाळून तिथूनच पदवी घेतली आणि दरवर्षी नेमाने फी भरली. नावात 'मुक्त' आहे म्हणजे शिक्षण फुकट असेल, असं तिला कधी वाटलं नाही. नाशकात कुणालाच वाटत नाही. नोकरी सोडून रोज वर्गात जाऊन बसायची अट नाही, म्हणून ते मुक्त. पैशाचा हिशेब वेगळा.

त्याच ताईचा धाकटा, सातवीतला, दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे इंदिरानगरला राहायला आला. पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारलं, "मामा, तुझ्या लॅपटॉपवर फ्री गेम कोणते आहेत?" मी म्हटलं, "सगळेच फ्री आहेत." तो खूश झाला. मला मात्र ते उत्तर रात्रभर टोचत राहिलं, कारण त्यातले निम्मे गेम एका अर्थाने फ्री होते आणि निम्मे दुसऱ्याच. इंग्रजीत पैसे न लागणाऱ्या वस्तूलाही 'फ्री' म्हणतात आणि बंधन नसलेल्या वस्तूलाही. आपण तो शब्द उचलला आणि त्याच्यासोबत हा घोटाळाही घरात घेतला. मराठीत मोफत वेगळं आणि मुक्त वेगळं, हे ताईला कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

मोफत गेम म्हणजे ज्याची किंमत शून्य आहे. तो घ्यायचा, खेळायचा, एवढाच आपला अधिकार. आत काय आहे ते बघता येत नाही, बदलता येत नाही, आणि दुसऱ्याला द्यायचा की नाही हे बनवणारा ठरवतो. मुक्त गेम म्हणजे ज्याचा सोर्स कोड, म्हणजे ज्या मजकुरापासून गेम तयार होतो तो मजकूर, आपल्याला मिळतो आणि त्याचं काय करायचं याची लेखी मोकळीक त्याच्यासोबत येते. हवा तसा वापरा, वाचून शिका, बदला, प्रत करून वाटा, बदललेली प्रतही वाटा. ही मोकळीक ज्या करारात लिहिलेली असते त्याला लायसन्स म्हणतात. त्यातलं सर्वांत गाजलेलं जीपीएल. त्याची पहिली आवृत्तीही १९८९ सालचीच, आपल्या मुक्त विद्यापीठाच्याच वयाची. त्यात किंमतीबद्दल सक्ती नाही. मुक्त वस्तू विकताही येते.

आता खेळांकडे येतो, कारण फरक खेळतानाच नीट कळतो.

'केव्ह स्टोरी' हा मोफत गेम. दाइसुके अमाया या जपानी माणसाने फावल्या वेळात, एकट्याने, पाच वर्षं खपून तो बनवला आणि २००४ मध्ये लोकांना देऊन टाकला. चित्रं, संगीत, गोष्ट, सगळं त्याचंच. मी या सुट्टीत तो पुन्हा पहिल्यापासून खेळलो. त्यातली एक गोष्ट मला अजूनही फार आवडते. शत्रू मेला की पिवळे त्रिकोण उड्या मारत पडतात, ते गोळा केले की बंदुकीची ताकद वाढते. पण आपल्याला मार बसला की तीच ताकद कमी होते. म्हणजे चुकलं की जीवही जातो आणि हत्यारही बोथट होतं, नेमकं त्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा. भाचा दोनदा वैतागून उठला आणि दोनदा परत येऊन बसला. अशी घट्ट बांधणी एकाच माणसाच्या हट्टातून येते. पुढे त्याच्या सजवलेल्या आवृत्त्या विकत मिळू लागल्या, मूळ गेम मात्र आजही मोफतच आहे. कोड बंद आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्याने पाच वर्षं घातली त्याने किती द्यायचं, हे त्यानेच ठरवावं.

पण मोफत या एकाच शब्दाखाली दुसरी जमातही राहते. भाच्याच्या फोनवर '२०४८'च्या धर्तीचा एक आकड्यांचा गेम होता. हरला की जाहिरात. एक चाल मागे घ्यायची तर जाहिरात. रविवारी सकाळी आमचं वायफाय गेलं तर तो गेम उघडेचना. पोरगं गच्चीवर जाऊन रेंज शोधत उभं. तिथे खेळ हे आमिष आहे, विकलं जातंय ते पोराचं लक्ष. केव्ह स्टोरी ही भेट आणि हे गळाला लावलेलं गांडूळ, पण दुकानाच्या यादीत दोघांच्या खाली एकच शब्द लिहिलेला दिसतो: फ्री.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट अशी की मूळ '२०४८' मुक्त आहे. गाब्रिएले चिरुली या इटालियन मुलाने मार्च २०१४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो लिहिला आणि एमआयटी लायसन्सखाली सगळा कोड खुला केला. हे लायसन्स जीपीएलपेक्षा सैल. जीपीएल म्हणतं, तू बदललेला गेम वाटलास तर त्याचा कोडही त्याच अटींवर दे. एमआयटी एवढंच म्हणतं, माझं नाव आणि हा करार सोबत ठेव, मग बंद कर की विक. त्यामुळे कुणीही तो उचलून, जाहिराती चिकटवून, दार लावून घेऊ शकतो. मी भाच्याला ब्राउझरमध्ये मूळ गेम उघडून दिला. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "मामा, यात काहीच मध्ये येत नाही." बरोबर, येत नाही.

मुक्त गेमांत मी सर्वांत जास्त तास 'बॅटल फॉर वेस्नॉथ'ला दिले आहेत. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला, जीपीएलखालचा, पाळीपाळीने खेळायचा लढाईचा पट. षटकोनी घरं, प्रत्येक पाळीला दिवस-रात्र सरकते. कायद्याने चालणारी माणसं दिवसा जोरात लढतात, ऑर्क वगैरे राक्षसी मंडळी रात्री. म्हणून संध्याकाळ व्हायला लागली की पुढे गेलेली फौज मागे घ्यायची की एक रात्र सोसायची, हा प्रश्न दर डावात नव्याने पडतो. चित्रं जुनाट वाटतील, पहिला अर्धा तास काही सुचणार नाही. तो अर्धा तास काढा, एवढीच विनंती.

त्या वायफाय गेलेल्या रविवारीच भाच्याला मुक्त म्हणजे काय ते दाखवलं. वेस्नॉथच्या फोल्डरमध्ये प्रत्येक शिपायाची एक साधी मजकुराची फाइल असते. भालाईताची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. त्यात त्याचे प्राण ३६, भरतीची किंमत १४ सोनं, असं ओळीओळीने लिहिलेलं. तो बराच वेळ नुसता बघत बसला. मग हळूच म्हणाला, "हे मी बदललं तर चालेल?" मी म्हटलं, चालेल, त्यासाठीच आहे. त्याने १४ खोडून १ केलं, फाइल सेव्ह केली, गेम पुन्हा सुरू केला.

पहिल्या पाळीत किल्ल्याची सगळी घरं भालाईतांनी भरली. दुसऱ्या पाळीत पुन्हा. पण समोरच्या संगणकाची फौजही त्याच पक्षाची होती, म्हणजे त्यालाही भालाईत एकाच सोन्यात. शिवाय वेस्नॉथमध्ये शिपाई पोसावा लागतो. ताब्यात असलेलं एकेक गाव पहिल्या पातळीच्या एकेका शिपायाचा खर्च उचलतं, त्याहून जास्त झाले की दर पाळीला तिजोरीतून सोनं कापलं जातं. गावं पाच, भालाईत वीस. दहाव्या पाळीला तिजोरी रिकामी, मैदानात नुसती गर्दी, आणि पोराला कुणाला कुठे हलवायचं ते कळेना. "१४ का ठेवलं असेल ते कळलं," असं तो स्वतःशीच म्हणाला. केव्ह स्टोरी कितीही लाडका असला तरी असा धडा तो देऊ शकत नाही, कारण त्याचं पोट शिवलेलं आहे.

मुक्त आणि विकाऊ एकाच वेळी कसं असतं, त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'शॅटर्ड पिक्सेल डंजन'. अँड्रॉइडवर पैसे लागत नाहीत, स्टीम या संगणकाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात आणि आयफोनवर विकत घ्यावा लागतो, आणि कोड सगळीकडे तोच, जीपीएलखाली खुला. मूळ 'पिक्सेल डंजन' वाताबू या टोपणनावाच्या रशियन कारागिराचा. त्याने कोड खुला केला, पुढे त्याचा त्यातला रस संपला, आणि इव्हान डेबेनहॅमने २०१४ पासून तो धागा उचलून आपला गेम विणायला घेतला. तो अजून विणतोच आहे. सव्वीस मजली भुयार, मेलात की पुन्हा पहिल्या मजल्यापासून. परवा गवतात उभं राहून मी एक अनोळखी बाटली प्यायलो. त्यात आग निघाली. गवत पेटलं, गवताबरोबर मी. राग गेममधल्या कुणाचा आला नाही, माझ्याच घाईचा आला. ओळख नसलेली बाटली उघड्या फरशीवर, दाराजवळ, पाण्याच्या बाजूला उभं राहून प्यावी, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता याच्या शेजारी फ्लॅशचे, म्हणजे अडोबी कंपनीच्या फ्लॅश प्रोग्रामच्या जोरावर ब्राउझरमध्ये चालणारे, गेम ठेवून पाहा. माझ्या पिढीने कॉलेज रोडच्या नेट कॅफेत तासाला वीस रुपये मोजून जे छोटे गेम खेळले, ते जवळपास सगळे मोफत होते, मुक्त नव्हते. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा पाठिंबा बंद केला आणि ब्राउझरमधून ते गेम दिसेनासे झाले. बनवणाऱ्यांपैकी बरेचजण केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेले, मूळ फाइल कुणाकडे नाही. 'रफल' नावाचा एक मुक्त प्रोग्राम आता त्यातले पुष्कळ गेम पुन्हा चालवतो. मोफतांना वाचवायला मुक्त धावून आलं, हे मला फार हृद्य वाटतं.

काही गेम मधल्या उंबऱ्यावर उभे असतात आणि तिथेच लोक सर्वांत जास्त फसतात. टेरी कॅव्हनाने 'व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही'चा कोड २०२० मध्ये, गेमला दहा वर्षं झाल्याच्या निमित्ताने सर्वांसमोर ठेवला. वाचता येतो, पण लायसन्स त्याचं स्वतःचं, विकण्याची मोकळीक नाही. कोड दिसतो म्हणजे मुक्त, असं नव्हे. इच डॉट आयओ या छोट्या गेमांच्या साइटवर 'किंमत तुम्ही ठरवा' असं लिहिलेलं असतं, तिथे शून्य भरता येतं. तेही बहुतेक वेळा मोफतच, मुक्त नव्हे. 'ओपनटीटीडी' या वाहतुकीचा धंदा उभारायच्या गेमचा कोड २००४ पासून मुक्त होता, पण तो खेळायला जुन्या विकत घेतलेल्या 'ट्रान्सपोर्ट टायकून'ची चित्रं लागायची. स्वयंसेवकांनी स्वतःची चित्रं आणि आवाज तयार केले तेव्हा, २०१० मध्ये, तो खऱ्या अर्थाने आपल्या पायावर उभा राहिला. म्हणून कोडचं लायसन्स वेगळं आणि चित्रांचं वेगळं बघायचं. आणि 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस', ॲडम्स बंधूंचा: २००६ पासून मोफत, कधीच मुक्त नाही, डिसेंबर २०२२ पासून चित्रांची आवृत्ती विकत. मी एक संध्याकाळ दिली, पडदाभर अक्षरं बघून दमलो.

बुद्धिबळाचं तर नाशकात विचारू नका. विदित गुजराथी ग्रँडमास्टर झाल्यापासून गल्लीतल्या दर तिसऱ्या घरात पट मांडलेला असतो. भाचाही शिकतो. त्याच्या फोनवर मी लीचेस टाकून दिलं. २०१० साली तिबो दुप्लेसी या फ्रेंच माणसाने सुरू केलेलं, देणग्यांवर चालणारं, जाहिरात नाही, सगळा कोड मुक्त. इथे मोफत आणि मुक्त दोन्ही एका ताटात मिळतात.

'झिरो ए.डी.'बद्दल थोडक्यात: मुक्त आहे, त्यात मौर्यांचं राज्य हत्तींसकट खेळता येतं, पण माझा जुना लॅपटॉप मोठ्या लढाईत धापा टाकतो. 'सुपरटक्सकार्ट' हा गाड्यांच्या शर्यतीचा मुक्त गेम एका कीबोर्डवर दोघांनी खेळायला छान, आमचा कोपर एकमेकांना लागत होता.

ओळखायचं कसं, हे भाच्याने विचारलंच. गेमच्या फोल्डरमध्ये 'लायसन्स' किंवा 'कॉपीइंग' नावाची फाइल शोध, आणि त्यात जीपीएल, एमआयटी असलं नाव आहे का ते बघ. फोनवर एफ-ड्रॉइड नावाचं दुकान टाक, तिथे फक्त मुक्त ॲपच ठेवतात, आणि एखाद्यात काही खटकण्यासारखं असेल तर ते पानावर स्पष्ट लिहितात. जिथे नुसतं 'फ्री' लिहिलंय आणि लायसन्सचा पत्ता नाही, तिथे मोफतच समज.

सुट्टी संपून तो सिडकोला घरी गेला, जाताना वेस्नॉथचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन. चोरी नाही ना, असं ताईने फोन करून विचारलं. नाही म्हटलं, वाटायला परवानगी आहे. चार दिवसांनी भाच्याचा मेसेज आला. शेजारच्या मित्रालाही त्याने गेम दिला होता आणि दोघांनी वाद घालून भालाईताची किंमत ११ ठरवली होती. मित्राचं म्हणणं १२.