केमिकल ऑपरेटरचा पगार: घामापासून निर्णयापर्यंत

एकाच प्लांटमध्ये एकाच पाळीत दोन ऑपरेटर कामावर असतात. एक जण मॅनहोलमधून रिअ‍ॅक्टरमध्ये पावडरच्या गोण्या ओततो, सॅम्पल काढतो, सेंट्रिफ्यूजमधला, म्हणजे घन आणि द्रव वेगळे करणाऱ्या फिरत्या यंत्रातला, ओला माल उपसतो. दुसरा कंट्रोल रूममध्ये बसून पडद्यावरचे तापमान, दाब आणि प्रवाह यांवर नजर ठेवतो. रसायनाच्या जवळ पहिला असतो आणि पगार बहुतेक ठिकाणी दुसऱ्याला जास्त मिळतो. या फरकाचा उगम शोधायचा तर रसायन उद्योगाच्या सुरुवातीपर्यंत मागे जावे लागते. पगार नक्की कशाचा द्यायचा, या प्रश्नाचे उत्तर तेव्हापासून आजवर अनेकदा बदलले आहे आणि प्रत्येक जुने उत्तर पगारपत्रकात कुठल्या ना कुठल्या रकान्यात शिल्लक राहिले आहे.

मजुरीत फरक का पडतो, याची पाच कारणे अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये मांडली होती. काम किती नकोसे आहे, ते शिकायला किती अवघड आणि खर्चाचे आहे, रोजगार किती टिकाऊ आहे, कामगारावर किती विश्वास टाकावा लागतो आणि त्या धंद्यात यश येण्याचा संभव किती. यातली पहिली आणि चौथी ही दोन कारणे केमिकल ऑपरेटरच्या बाबतीत एकमेकांविरुद्ध ओढतात. एकोणिसाव्या शतकात पहिल्याचा जोर होता, विसाव्यात चौथ्याचा झाला.

निकोला लब्लाँ याने मिठापासून सोडा बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट १७९१ मध्ये घेतले. मिठावर गंधकाम्लाची क्रिया करून 'सॉल्टकेक' मिळवायचा, मग तो चुनखडी आणि कोळशाबरोबर भट्टीत भाजायचा. लांब लोखंडी दांड्याने भट्टीतला माल सतत ढवळावा लागे आणि ते माणसाच्या हातानेच होई. पहिल्या टप्प्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे. त्या वाफेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे दात झिजून जात. ब्लीचिंग पावडर भरणाऱ्यांची अवस्था याहून वाईट होती. क्लोरीन शोषलेला चुना ज्या खोल्यांत पसरलेला असे, तिथे नाकातोंडावर फ्लॅनेलच्या अनेक घड्या गुंडाळून शिरायचे आणि पिंपे भरायची. साध्या मजुरापेक्षा त्यांची कमाई जास्त होती, कारण ते काम करायला फार थोडे जण तयार असत. मजुरीचे माप होते टन. जितका माल हलवाल तितके पैसे. स्मिथचे पहिले कारण इतक्या उघडपणे क्वचितच कुठे दिसले असेल. ज्यांनी आपले दात आणि फुप्फुसे देऊन ती जास्तीची मजुरी घेतली, त्यांना ती पुरेशी होती असे मला कधीच वाटलेले नाही.

अर्न्स्ट सोल्व्हेची अमोनिया-सोडा पद्धत १८६० च्या दशकात आली आणि हे माप निरुपयोगी झाले. इथे उंच टॉवरमध्ये खालून कार्बन डायऑक्साइड आणि वरून अमोनियायुक्त मिठाचे पाणी अखंड सोडले जाते. माणसाने कितीही जोर लावला तरी टॉवरचा वेग वाढत नाही. माणसाचे काम लक्ष ठेवण्याचे, व्हॉल्व्ह थोडा उघडण्याचे किंवा आवळण्याचे आणि चूक होऊ न देण्याचे. अशा कामाला टनावर मजुरी देण्यात अर्थ उरला नाही आणि मजुरी तासांवर आली. शिवाय असा प्लांट संध्याकाळी बंद करून सकाळी सुरू करता येत नाही. त्यामुळे रात्रपाळी हा या कामाचा कायमचा भाग झाला. सुरुवातीला पाळ्या बारा तासांच्या होत्या. इंग्लंडमधल्या ब्रुनर माँड कंपनीने १८८९ मध्ये पाळीकामगारांसाठी आठ तासांची पाळी सुरू केली. त्या काळी हे पाऊल मोठे होते.

इथे थोडे गणित करायला हवे, कारण ऑपरेटरच्या पगारातले बरेचसे चढउतार या गणितातून निघतात. आठवड्याचे तास १६८. तीन तुकड्यांनी प्लांट चालवला तर प्रत्येकाच्या वाट्याला ५६ तास येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्ये पहिल्याच करारात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण अखंड चालणाऱ्या प्रक्रियांसाठी सरासरी ५६ तासांची सवलत ठेवली. हा ५६ चा आकडा थेट तीन तुकड्यांच्या भागाकारातून आलेला आहे. चार तुकड्या केल्या की सरासरी ४२ तास होते, पाच केल्या की ३३.६. जिथे आठवडा ४० तासांचा मानला जातो आणि तुकड्या चार असतात, तिथे दर आठवड्याला सरासरी दोन तास जास्तीचे वेळापत्रकातच लिहिलेले असतात. त्यात रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही तर चालू युनिट सोडून घरी जाता येत नाही. आठाचे सोळा तास होतात. मूळ पगार, पाळीभत्ता, रात्रभत्ता, सुट्टीच्या दिवसाचा दर, ओव्हरटाइम हे रकाने वेगवेगळ्या काळात जोडले गेले. म्हणून मूळ पगार सारखाच असलेल्या दोन ऑपरेटरांच्या हाती महिनाअखेरीस पडणाऱ्या रकमांत बराच फरक असू शकतो. पगाराचा कुठलाही आकडा कानावर आला की त्यात ओव्हरटाइम धरला आहे का, हे आधी विचारावे. नाहीतर तुलना खोटी ठरते. रात्रीच्या श्रमाचा मोबदला वेळ, पैसे किंवा तत्सम लाभांच्या रूपाने मिळायला हवा, हे आंतरराष्ट्रीय करारात स्पष्ट शब्दांत यायला १९९० साल उजाडले.

१९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊ इथे हाबर-बॉश पद्धतीचा अमोनिया कारखाना सुरू झाला. सुमारे २०० वातावरणांचा दाब आणि ५०० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान. तिथे आत काय चालले आहे ते डोळ्यांनी पाहता येत नाही. गेज आणि रेकॉर्डर काय सांगतात त्यावरून अंदाज बांधावा लागतो. फावडे मागे पडले आणि लॉगशीट आली. पुढच्या दशकांत मोठ्या कारखान्यांत कामाला गुण देऊन वेतनश्रेणी ठरवण्याची पद्धत रुजू लागली. कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती असे चार गट करायचे, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरजेवरून श्रेणी ठरवायची. यंत्रे आली तसे श्रमाचे गुण घटले आणि जबाबदारीचे वाढले. कोणत्या गटाला किती वजन द्यायचे हे माणसेच ठरवतात, आणि माझ्या मते खरा वाद तिथेच आहे. घातक परिस्थितीला थोडे गुण आणि महागड्या यंत्रसामग्रीच्या जबाबदारीला भरपूर गुण दिले की निकाल आधीच ठरून जातो.

१९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये या प्रश्नाला वेगळे वळण लागले. फॉले इथल्या एस्सोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात १९६० मध्ये युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला. सवयीने चालत आलेला ओव्हरटाइम आणि कामांच्या कडक वाटण्या सोडून द्यायच्या आणि त्या बदल्यात वेतनदर सुमारे ४० टक्क्यांनी वाढवायचे. आयसीआय या रसायन कंपनीने १९६५ आणि १९६९ मध्ये तशाच दिशेने करार केले. दुसऱ्या करारानंतर तासावर मोजला जाणारा कामगार वार्षिक पगाराचा कर्मचारी मानला गेला. एकाच माणसाने अनेक युनिटे चालवायला शिकावे आणि प्रत्येक युनिट शिकल्यावर त्याचा दर वाढावा, ही पद्धतही पुढे अनेक ठिकाणी स्थिरावली. आजही एकाच प्लांटमधल्या नव्या आणि मुरलेल्या ऑपरेटरमधली तफावत बहुधा किती युनिटे स्वतंत्रपणे चालवण्याचा अधिकार आहे यावरून पडते.

१९७५ मध्ये हनीवेल आणि योकोगावा यांच्या संगणकीय नियंत्रण प्रणाली बाजारात आल्या. विखुरलेली पॅनेले एका खोलीत आली आणि कंट्रोल रूममधला बोर्ड ऑपरेटर व प्लांटमध्ये प्रत्यक्ष फिरणारा फील्ड ऑपरेटर ही विभागणी पक्की झाली. सरकारी वर्गीकरणांतही ती दिसते. व्यवसायांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २००८ च्या आवृत्तीत रासायनिक प्रक्रिया नियंत्रक हे तंत्रज्ञांच्या तिसऱ्या गटात बसतात आणि रासायनिक यंत्रे चालवणारे आठव्या गटात. अमेरिकेची श्रमसांख्यिकीही पूर्ण प्रक्रिया सांभाळणाऱ्यांना आणि केटल, रिअ‍ॅक्टर अशी सुटी साधने चालवणाऱ्यांना दोन वेगळे व्यवसाय मानते. पहिल्यांची कमाई तिथे दुसऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे.

कोणत्या उद्योगात काम करता यावरही बरेच अवलंबून असते. पेट्रोकेमिकलसारख्या अखंड प्लांटमध्ये भांडवल प्रचंड आणि माणसे मोजकी. एकूण खर्चात पगाराचा वाटा लहान असतो आणि एका चुकीने किंवा संपाने होणारे नुकसान अवाढव्य. मालकाला जास्त पगार परवडतो आणि युनियनच्या शब्दाला वजन असते. रंग, कीटकनाशके, औषधांचे कच्चे घटक असा माल बॅचने बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत यातले काहीच नसते. एक बॅच बिघडली तर नुकसान एका बॅचचे. म्हणजे पगार ठरतो तो ऑपरेटर गैरहजर राहिला किंवा चुकला तर कारखान्याला काय किंमत मोजावी लागेल, यावर. त्याच्या अंगावर किती विषारी वाफ येते, हा मुद्दा पुष्कळ मागे राहतो.

कंट्रोल रूममधला माणूस सुरक्षित असतो असेही नाही. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथल्या रसायन कारखान्याच्या स्फोटात २८ जण दगावले, त्यातले १८ कंट्रोल रूममध्ये होते. भोपाळच्या कारखान्यात १९८४ च्या दुर्घटनेआधी खर्चकपातीत एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट हा विषारी पदार्थ) युनिटमधली ऑपरेटरांची संख्या निम्म्यावर आणली गेली होती. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीतल्या स्फोटात १५ जणांचा बळी गेला. तपासात दिसले की एकच बोर्ड ऑपरेटर तीन युनिटे सांभाळत होता आणि काही ऑपरेटर २९ किंवा त्याहून अधिक दिवस सलग बारा-बारा तास काम करत होते. अशा महिन्यात पगाराची रक्कम भरघोस दिसते, पण ती एका थकलेल्या माणसाच्या तासांची बेरीज असते.

या सगळ्या उतरंडीत तळाशी कंत्राटी हेल्पर आहे. रिकामे पात्र आतून धुण्याचे, गाळ काढण्याचे, गोण्या फोडण्याचे काम त्याच्याकडे येते, म्हणजे जवळपास ब्लीचिंग पावडरच्या खोलीतलेच काम. फरक इतका की त्या जुन्या कामगाराला धोक्यापोटी जास्त मजुरी मिळे आणि याला बहुतेकदा प्लांटमधली सर्वांत कमी मिळते. अमेरिकेत १९९२ मध्ये आलेल्या प्रक्रिया-सुरक्षेच्या नियमांनी ऑपरेटरचे प्रशिक्षण आणि निदान दर तीन वर्षांनी त्याची उजळणी बंधनकारक केली. कंत्राटी कामगारांना आगीचा, स्फोटाचा आणि विषारी वायूचा धोका समजावून सांगितलाच पाहिजे, हेही त्यात आहे. त्यांच्या मजुरीविषयी त्या नियमांत काहीच नाही.