फर्माचा अंदाज चुकवणारी संख्या

४,२९,४९,६७,२९७. दोनाचा ३२ वा घात घ्या आणि त्यात १ मिळवा, की ही संख्या येते. एका थोर गणितज्ञाचा अंदाज तिने खोटा ठरवला.

दोनाचे १, २, ४, ८ आणि १६ वे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेलं तर पुढेही मूळ संख्याच येत राहतील, असं पिएर द फर्माला वाटत होतं. १६४० च्या सुमारास त्याने पत्रांतून तसं लिहिलंही, पण त्याला ते सिद्ध करता आलं नाही.

१७३२ मध्ये गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने दाखवून दिलं की पुढच्याच, म्हणजे सुरुवातीला दिलेल्या संख्येला ६४१ ने भाग जातो आणि उत्तर येतं ६७,००,४१७.

सरळ भाग देत बसलं, तर ६५,५३६ च्या (साधारण या संख्येच्या वर्गमुळाच्या) आतल्या ६,५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतील. पण इतका खटाटोप करावाच लागत नाही, आणि मला या गोष्टीतलं खरं सौंदर्य तिथेच दिसतं. समजा, या संख्येला प या मूळ संख्येने भाग जातो. मग दोनाच्या ३२ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी उणे १ उरते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो) आणि ६४ व्या घाताची बाकी १ होते. म्हणजे दोनाच्या घातांच्या बाक्या बरोबर ६४ पायऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. अशा आवर्तनाच्या लांबीने 'प वजा १' ला भाग जावाच लागतो. म्हणून प ला ६४ ने भागलं तर बाकी १ च उरायला हवी. अशा मूळ संख्या सुरुवातीला अगदी मोजक्या आहेत: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नाला भाग जातो! यात वापरलेला आवर्तनाचा नियम फर्माच्याच प्रसिद्ध 'लहान प्रमेया'तून निघतो, हे विशेष.

भागाकार न करताही ६४१ चा पडताळा घेता येतो. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. पहिल्या रूपावरून, पाच गुणिले दोनाचा सातवा घात याची बाकी उणे १. याचा चौथा घात केला की ६२५ गुणिले दोनाचा २८ वा घात, बाकी १. दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी उणे १६ ठेवता येतात, आणि १६ म्हणजे दोनाचा चौथा घात. म्हणजे दोनाच्या ३२ व्या घाताची बाकी उणे १. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

या मालिकेत ६५,५३७ नंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. दोनाच्या घातांकाच्या जागी दोनाचा पाचवा ते ३२ वा घात ठेवून आणि १ मिळवून येणाऱ्या सगळ्या संख्या संयुक्त असल्याचं सिद्ध झालं आहे. तरी त्यांतल्या विसाव्या आणि चोविसाव्या घाताच्या संख्यांचा एकही विभाजक अजून कुणाला सापडलेला नाही. घातांकाच्या जागी दोनाचा तेहतिसावा घात ठेवून येणारी संख्या सुमारे २५९ कोटी अंकांची आहे. ती मूळ की संयुक्त, हा प्रश्न अजून खुला आहे.