तान्ह्या पोळ्याचा चालता नंदी

तान्ह्या पोळ्याला आमच्या वर्धा जिल्ह्यातली पोरं लाकडी नंदी ओढत मिरवतात. नंदीच्या पायाखाली चाकं असतात. यंदा भाच्याने ती पाहून विचारलं, "मामा, बैलाले चाकं कायले? पाय हायेत ना त्याले." पोळा दोन महिन्यांवर होता. पायांनी चालणारा नंदी करायचं ठरलं आणि मामाच्या, म्हणजे माझ्या, खिशाला तिथेच भोक पडलं.

चाक कायम जमिनीला टेकलेलं असतं, त्यामुळे तोलाची भानगड नसते. पाय मात्र उचलावा लागतो. एक पाय हवेत असताना बाकीच्या तिघांचा जमिनीवर त्रिकोण होतो. गुरुत्वमध्य त्या त्रिकोणावर राहिला तर नंदी उभा, नाहीतर आडवा. मग पाय उचलायचे कोणत्या क्रमाने? चाल गोल फिरून पुन्हा पहिल्या पायावर येते, म्हणून चार पायांचे वेगळे क्रम होतात सहाच. मॅकघी आणि फ्रँक या संशोधकांनी १९६८ साली गणिताने दाखवलं, की सावकाश चालीत सगळ्यात पक्का तोल एकाच क्रमात मिळतो: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. आम्ही हे वहीत उतरवत होतो, तर खाटेवरून आबाजी म्हणाले, "बैलाकडं पाहा ना बे. मांगचा पाय पुढं येते, मंगच त्याच बाजूचा समोरचा उठते." गोठ्यात जाऊन मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चाल टिपली. तोच क्रम!

पाय हलवायला सर्व्हो मोटर लागते. तिला सेकंदाला ५० वेळा विजेचा ठोका द्यायचा. ठोका १ मिलिसेकंदाचा असेल तर ती एका टोकाला वळते, २ मिलिसेकंदांचा असेल तर दुसऱ्या. आम्ही ९ ग्रॅमच्या निळ्या, स्वस्त मोटरी घेतल्या, पायाला दोन अशा आठ. आराखडा नेटवरचा, कोळ्यासारखे पाय बाहेर पसरलेला. पहिलंच पाऊल टाकताना मोटर किंचाळली आणि तिचे प्लास्टिकचे दाते झडले.

कारण साधं होतं. सागवानी धडासकट नंदी ९०० ग्रॅमचा, म्हणजे तीन पायांवर असताना एकेका पायावर ३०० ग्रॅम. पाऊल सांध्यापासून ६ सेंटिमीटर बाहेर. ०.३ गुणिले ६ म्हणजे १.८ किलो-सेंटिमीटर, आणि मोटरची वळवायची जास्तीत जास्त ताकद नेमकी तेवढीच. धड थर्माकोलचं केलं आणि पाय बैलासारखे अंगाखाली सरळ घेतले. मोटरवरचा जोर एकदम उतरला. मात्र त्रिकोण अरुंद झाला, म्हणून पावलं लहान ठेवावी लागली.

आता अक्कल. लॅपटॉपमध्ये खोटा नंदी केला. पुढे सरकला की बक्षीस, पडला की दंड. हजारो वेळा पडून तो आपोआप चालायला शिकला. खरा नंदी शेणाने सारवलेल्या अंगणात उतरवला, तर पाय सरकून बसकण मारली. लॅपटॉपमधल्या जमिनीचं घर्षण आम्ही एकच धरलं होतं. दर खेपेला ते बदलत शिकवलं असतं तर कदाचित जमलं असतं, पण दिवस उरले नव्हते. आबाजींचा क्रम घातला आणि खुरांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले.

कृत्रिम बुद्धिमत्ता उरली ती कानात. 'चाल' आणि 'थांब' हे दोन शब्द शेकडो वेळा रेकॉर्ड केले. सोबत पंख्याची घरघर, पत्र्यावरचा पाऊस आणि कोंबडा. आवाजाचं चित्र करून ते लहानशा न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणाऱ्या प्रोग्रामला, दाखवायचं. त्यातले आकडे ८ बिटांत आवळले, की ते ईएसपी-३२ या बोटभर चिपच्या ५२० किलोबाइट मेमरीत मावतं. आधी सगळे आवाज भाच्याचेच होते, म्हणून नंदी आबाजींचं ऐकेना. त्यांनी दोन शिव्या हासडल्या आणि मग शेजारपाजारच्या बारा जणांचे आवाज भरले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी डफडं वाजलं आणि नंदीला प्रत्येक ठेक्यात 'थांब' ऐकू येऊ लागलं. डफड्याचा आवाज रेकॉर्ड करायचा राहिलाच होता. तरी पोरांनी गराडा घातला. आजीने त्याच्या थर्माकोलच्या कपाळाला कुंकू लावलं. घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला मात्र भाच्याने त्याला काखेत मारून नेलं. नंदीची चाल सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर, आणि शेजारचं दार गाठायलाच त्याला बारा मिनिटं लागत होती.